नदी एवढीशी, दरी एवढी मोठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पर्वतांच्या जडणघडणीवर आलेला लेख दोनदा वाचला. भूपट्टांच्या टकरीचा भाग छान उतरला आहे. तक्रार आहे ती सोबतच्या आकृतीबद्दल आणि शेवटच्या परिच्छेदाबद्दल. आकृतीत दोन्हीकडे डोंगर, मध्ये व्ही आकाराची दरी, तळाशी निळी रेघ आणि खाली ओळ : 'नदीने लाखो वर्षांत कोरलेली दरी'. शेवटच्या परिच्छेदात म्हटलं आहे की भूगर्भातल्या शक्ती पर्वत घडवतात आणि दरडी त्यांचा नाश करतात.

मी तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ही आकृती फळ्यावर इतक्यांदा काढली आहे की खडू हातात आला की हात आपोआप तसा वळतो. खनन, वहन, संचयन. तीन शब्द, तीन गुण, पुढचा प्रश्न. म्हणजे ही चूक मीही कितीतरी मुलांच्या वह्यांत उतरवलेली आहे. ते आधी कबूल करते आणि मग बोलते.

आठवीच्या वर्गात एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, नदी एवढीशी आणि दरी एवढी मोठी कशी?" मी म्हटलं, "लाखो वर्षं लागतात गं." तिचं समाधान झालं नाही. "लाखो वर्षांत ती खाली जाईल ना बाई. रुंद कशी होईल?" घंटा व्हायला आली होती. "पुढच्या तासाला बघू," म्हणाले आणि पुढच्या तासाला सागरी प्रवाह सुरू केले. मुलीनेही पुन्हा विचारलं नाही. मुलं असे प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाहीत, आणि शिक्षकांना ते सोयीचं असतं.

तिचं म्हणणं बिनचूक होतं. करवत लाकडात पात्याएवढीच खाच पाडते. नदीचं पात्र पन्नास मीटर रुंद असेल तर तिने पाडलेली खाच फार तर तेवढीच असायला हवी. मग काठापासून दोन्हीकडच्या शिखरांपर्यंतची दहा-दहा किलोमीटरची मोकळी जागा कुणी केली?

नुसती नदी काय करते ते पाहायचं असेल तर नेपाळमधल्या पोखराला जावं. निवृत्तीनंतर गेले होते. सेती नदी शहराच्या मधून वाहते, पण ती दिसतच नाही. पुलाच्या कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली एक काळोखी फट, आणि खोल तळाशी दुधट पाण्याची सरकती रेघ. ताक घुसळल्यासारखा आवाज वर येतो. काही ठिकाणी फट इतकी अरुंद की दोन्ही कडांवरची झुडपं एकमेकांना टेकायला आलेली. तिथले गोटे चुन्याने एकमेकांना घट्ट धरलेले आहेत, म्हणून भिंती उभ्या राहतात. नदी एकटी असती तर जगातल्या सगळ्या पर्वतांमध्ये अशाच फटी दिसल्या असत्या.

पण फट पन्नास-शंभर मीटर खोल असेपर्यंतच हे चालतं. नंगा पर्वत ८१२६ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यापासून पंचविसेक किलोमीटरच्या आत सिंधू नदी सुमारे सात हजार मीटर खाली वाहते. सात किलोमीटर उंचीची उभी भिंत तोलून धरील असा खडक पृथ्वीवर नाही. त्यातही पर्वतातला खडक अखंड नसतो. टकरीत चेपलेला, भेगाळलेला, वर बर्फाने फोडलेला, खाली पाण्याने कुजवलेला असतो. नदीने पायथा खणला की वरचा उतार कधी ना कधी खाली येतोच. खोली नदीची असेल, पण रुंदी दरडींची आहे. आपल्या आकृतीतली निळी रेघ सोडली तर उरलेली जवळजवळ सगळी दरी दरडींनी कोरलेली आहे, आणि तिथे त्यांचं नावसुद्धा नाही.

हे पत्र लिहिण्याआधी खात्रीसाठी एक खेळ करून पाहिला. कोरडी वाळू मगने हळूहळू परातीत ओतली आणि ढीग केला. कोनमापक आडवा धरून उताराचा कोन मोजला तर तो ३३-३४ अंशांच्या आसपास भरला. मग चमच्याने पायथ्याची वाळू काढायला लागले. पहिल्या चमच्याला काही झालं नाही, फक्त दोन-चार कण घरंगळले. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला थेट माथ्यापासून वाळूची एक लांब जीभ सुटली आणि चमच्यापर्यंत येऊन थांबली. कोन पुन्हा मोजला, तेवढाच. भराभर चमचे काढले तरी तेवढाच, सावकाश काढले तरी तेवढाच. बदलत होतं ते एवढंच की भराभर काढताना जिभा वरचेवर सुटत होत्या. माथा मात्र प्रत्येक जिभेसरशी थोडा मागे सरकत होता, आणि तिथे माझा चमचा पोचलाच नव्हता.

हिमालयात हेच १९९६ साली मोजून दाखवलं गेलं. भूशास्त्रज्ञ डग्लस बरबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंगा पर्वताच्या परिसरात सिंधूकाठचे खडकाचे जुने पायठे शोधले. नदी पूर्वी त्या पातळीवर वाहत होती, पुढे ती खाली गेली आणि पायठा वर राहिला. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे उघड्या पडलेल्या खडकात काही दुर्मिळ अणू साठत जातात. ते मोजले की पायठा किती वर्षं उघडा आहे ते कळतं. त्यावरून निघालं की नदी कुठे वर्षाला दोन मिलिमीटर, तर कुठे बारा मिलिमीटर खाली जाते. सहापट फरक! मग जिथे ती जोरात खोदते तिथले उतार जास्त चढे असतील असं कुणालाही वाटेल. उतारांची सरासरी मात्र सगळीकडे सारखी, ३२ अंशांच्या आसपास. वेगाने खोदणाऱ्या नदीच्या काठी डोंगर जास्त उभा होत नाही. तो जास्त वेळा कोसळतो. वाचलं तेव्हा पहिली आठवण त्या मुलीची झाली.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, नील्स होव्हियस आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्सच्या पश्चिम उतारावरच्या दरडी हवाई छायाचित्रांवरून मोजल्या. दरडींनी खाली आणलेला सगळा माल त्या प्रदेशावर सारखा पसरला, तर वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटरचा थर होतो. तिथला पर्वत वर येतो तो वर्षाला सुमारे दहा मिलिमीटरने. जमाखर्च जवळजवळ जुळतो. त्याच पर्वतरांगेतल्या आओराकी अर्थात माउंट कुकचा माथा १४ डिसेंबर १९९१ रोजी मध्यरात्रीनंतर सुटला आणि शिखर एका रात्रीत दहाएक मीटरने बुटकं झालं. भूकंप नव्हता, मुसळधार पाऊसही नव्हता. वेळ भरली होती, एवढंच.

पाऊस आणि दरड यांच्याबद्दल लेखात 'पाण्याने माती निसरडी होते' असं आहे. हेही मी शिकवलेलं आहे आणि हेही अर्धवट आहे. उतारावरचा थर आपल्या वजनाने खालच्या खडकावर दाबलेला असतो, आणि त्या दाबामुळे घर्षण मिळतं. भेगांत आणि कणांच्या मधल्या पोकळीत पाणी गच्च भरलं की ते वरचा थर आतून उचलून धरू लागतं. खाली ओढणारं वजन कायम राहतं, दाबून धरणारा भार मात्र घटतो. वंगणाशी याचा फारसा संबंध नाही. पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरसुद्धा मोठी दरड येते ती याच कारणाने. खोलवरच्या भेगांपर्यंत पाणी झिरपायला वेळ लागतो. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळाने तैवानच्या अलिशान नावाच्या डोंगराळ भागात काही दिवसांत २७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला. त्यात शिआओलिन हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं, जवळजवळ पाचशे माणसांसह. असं काही लिहिताना मिलिमीटर आणि अंश या शब्दांची लाज वाटते, पण समजून घ्यायला दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत.

भूकंपाचं गणित याहून चमत्कारिक आहे. ज्या धक्क्याने पर्वत वर उचलला जातो तोच धक्का त्याचे उतार पाडतो. १२ मे २००८ च्या चीनमधल्या वेनचुआन भूकंपात साठ हजारांहून अधिक दरडी कोसळल्या. २०११ मध्ये एका गटाने हिशेब मांडला की पर्वत जेवढा वर आला त्यापेक्षा जास्त खडक उतारांवरून सुटला, म्हणजे त्या भूकंपाने पर्वत वाढवला की घटवला असा प्रश्न उभा राहिला. नंतरच्या मोजमापांत दरडींचं आकारमान कमी भरलं आणि दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्या. वाद अजून मिटलेला नाही. 'घडवणाऱ्या' आणि 'नाश करणाऱ्या' शक्ती अशा दोन पाट्या लावून मोकळं होणं किती अवघड आहे ते मात्र त्यातून दिसतं.

आता नदीकडे परत येते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. परातीत सुटलेली वाळू मी चमच्याने उचलून बाहेर टाकत होते, म्हणून पुढची जीभ सुटत होती. वाळू तिथेच राहू दिली की खेळ थांबतो, पायथ्याला टेकू मिळतो. पर्वतात हे उचलून नेण्याचं काम नदीचं. पावसाळ्यात अलकनंदेच्या काठी एका रात्री मुक्काम होता. पाण्याचा घोष थोड्या वेळाने कानाला सवयीचा होतो, आणि मग त्याच्या खालून दुसरा आवाज ऐकू यायला लागतो. ठक्, ठक्, गडगड, मग एक जाडसर धप्प. पाण्याखालून धोंडे चालले होते. काठावरच्या खडकावर तळवा टेकवला तर तो आवाज हातालाही कळत होता. सकाळी नदी नुसती मातकट दिसत होती, रात्रभराच्या त्या वाहतुकीची वर काही खूण नव्हती.

नदी तळ कापते ती त्याच धोंड्यांनी. नुसतं पाणी कठीण खडकाचं फारसं काही करू शकत नाही. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून रांजणखळगे पाडतात, आपटून आपटून खडकाचे टवके काढतात. लिओनार्ड स्क्लार आणि विल्यम डीट्रिच यांनी २००१ साली प्रयोगशाळेत गोल पिंपात पाणी आणि खडी फिरवून तळाच्या खडकाची झीज मोजली. खडी नव्हती तेव्हा झीज नगण्य होती. खडी घालत गेले तशी झीज वाढली, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे खडीचाच थर तळावर बसला आणि तळ वाचला. म्हणजे दरड नदीला हत्यारंही पुरवते आणि जास्त झाली तर तिचं तोंडही बंद करते.

तोंड बंद करते हे शब्दशः. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालात गोहना इथे आख्खी डोंगरसोंड बिरही गंगेत उतरली आणि अडीचशे मीटरहून उंच बांध तयार झाला. पाणी भरून वरून वाहायला पुढचा पावसाळा उजाडणार, हे तिथल्या अभियंत्यांनी ओळखलं. तारायंत्राची लाइन टाकली, खालची गावं हलवली. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध वरून कापला गेला. पूर अलकनंदेतून खाली गेला, गढवालमधलं श्रीनगर गाव वाहून गेलं, पण माणसं गेली ती पाचच : एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांना बाहेर काढलेलं असूनही ते परत आले होते. त्याच्या अर्धशतक आधी, १८४१ मध्ये, नंगा पर्वताच्या दरडीने अडवलेली सिंधू अशीच सुटली, आणि शेकडो किलोमीटर खाली अटकेजवळ तळ ठोकून बसलेलं शीख सैन्य पुरात गेलं. काही बांध फुटतही नाहीत. पामीरमध्ये १९११ साली उसोईची दरड मुरघाब नदीत पडली. त्यामागचा सारेझ तलाव आजही भरलेला आहे, पाचशेएक मीटर खोल. तिथे नदीचं तळ खोदणं शंभराहून अधिक वर्षं बंद आहे.

आणि आता पोखराची उरलेली गोष्ट. मी ज्या फटीत वाकून पाहत होते ती फट मूळ खडकातली नाहीच. तो गोट्यांचा प्रचंड भराव आहे. जेरोम लाव्हे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलं की सुमारे ११९० साली, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावं येतात त्या काळात, अन्नपूर्णा रांगेतलं एक शिखर ढासळलं. खाली आलेला खडक सुमारे २३ घनकिलोमीटर. आज तिथे ७५२५ मीटरचं अन्नपूर्णा-४ आहे. आधीचं शिखर त्यांच्या मते आठ हजार मीटरच्या वर होतं. तो भुगा सेतीने खाली आणून खोऱ्यात पसरला, त्यावर आजचं शहर आहे. बाजूच्या ओढ्याचं तोंड त्याच भरावाने अडलं, म्हणून फेवा तलाव झाला. आम्ही त्याच तलावात होडीतून फिरलो आणि शिखरांचं प्रतिबिंब किती सुंदर म्हणून फोटो काढले. एका शिखराचा ढिगारा बसल्याजागी पायाखाली होता हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नदी आता तोच भराव पुन्हा कापून पुढे नेते आहे. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ समुद्राकडे नेतात, आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्याचा सुमारे ३००० किलोमीटर लांबीचा पंखा पसरला आहे. त्यात अन्नपूर्णेचा तो तुकडाही थोडाथोडा जातो आहे.

लेखातला 'नाश' हा शब्द खटकण्याचं आणखी एक कारण. पर्वताचं कवच खालच्या जड प्रावरणावर जहाजासारखं तरंगतं. जहाजातला माल उतरवला की जहाज वर येतं. नद्यांनी आणि दरडींनी सरासरी एक किलोमीटर खडक काढून नेला तर प्रदेश सावकाश आठशेएक मीटर पुन्हा वर येतो. आता हा खडक मुख्यतः दऱ्यांतून गेला आणि शिखरं तशीच राहिली, तर शिखरं आधीपेक्षा उंच होतात! २०२४ च्या एका अभ्यासानुसार एव्हरेस्टजवळची अरुण नदी सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी कोसी नदीच्या जाळ्यात ओढली गेली, खोदणं वाढलं, आणि त्यामुळे एव्हरेस्टला १५ ते ५० मीटर जास्तीची उंची मिळाली. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांनी मला वेड्यात काढलं असतं.

रस्त्यांबद्दल एकच वाक्य लिहिणार होते, पण तीन होतील. डोंगराच्या पोटात रस्ता कापणं म्हणजे माझा चमचाच, फक्त ढिगाच्या मध्यावर मारलेला. नदीला जे करायला हजार वर्षं लागतात ते यंत्र महिन्यात करतं, आणि निघालेला राडारोडा नेण्याऐवजी खालच्या उतारावर लोटून देतं. तिथली दरड पर्वताच्या खात्यावर टाकू नये.

हिमनद्यांचा विषय घेतला नाही. त्यांची दरी यू आकाराची असते आणि त्यांनी केलेल्या उभ्या भिंती बर्फ सरकल्यावर कशा सुटतात, त्यासाठी वेगळं पत्र लागेल.

तूर्त विनंती एवढीच. आकृती पुन्हा छापणार असाल तर निळी रेघ तशीच अरुंद ठेवा. दोन्ही उतारांवर वरून खालपर्यंत आलेले दोन-तीन ओरखडे दाखवा, काही ताजे, काहींवर झाडं उगवलेली. एका ओरखड्याच्या पायथ्याशी ढिगाऱ्याची शंकू काढा आणि नदी तिला वळसा घालून समोरच्या काठाला घासत गेलेली दाखवा, कारण पुढची दरड तिथून येणार आहे. चित्रकाराला अडचण आली तर मी कच्ची आकृती काढून पाठवीन. हात आता जुन्या वळणावर जात नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका